शर्वरीच्या जिभेखालची दोरी

"जीभ बहार काढ तो, बेटा," दाताच्या डॉक्टर म्हणाल्या आणि शर्वरीने ती काढली. म्हणजे काढली असं तिला वाटलं. खालच्या ओठाशी येऊन जीभ थांबली, आणि टोकाला मधोमध खड्डा पडून तिचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा झाला. आम्ही गेलो होतो किडलेल्या दाढेसाठी. डॉक्टरांनी दाढ सोडली, हातातला आरसा बाजूला ठेवला आणि जिभेखाली बोट घालून पाहिलं.

"जुओ बेन, आ जीभ नीचे चोंटेली छे. टंग टाय. कोईए कह्युं नहीं तमने?"

कोण सांगणार? ती पाच वर्षांची झाली होती. त्या तोंडात मी रोज ब्रश फिरवत होते, घास भरवत होते, ताप आला की थर्मामीटर घालत होते. जीभ खाली चिकटलेली आहे हे मला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, तिथे काही बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

टंग टाय म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी नुकतंच तो शब्द ऐकून माझ्यासारखं बावचळलेलं असेल. आरशासमोर उभं राहून जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसतो. त्याला फ्रेनम म्हणतात. तो सगळ्यांनाच असतो. काही मुलांचा तो आखूड आणि जाड असतो, कधी पार जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. मग टोक वर उचलत नाही, टाळूला लागत नाही. शर्वरीची जीभ अशी दोरीने बांधल्यासारखी होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण डॉक्टरांनी वरचा ओठ उचलला आणि म्हणाल्या, इथे लिप टाय पण आहे. म्हणजे ओठाचा आतला पडदा हिरडीला फार खाली येऊन चिकटलेला. म्हणून पुढच्या दोन दातांत फट. "एक साथे बन्ने लेझरथी काढी नाखीए," त्या म्हणाल्या. लेझरने दोन्ही एकदमच कापून टाकू. दाढ भरून आम्ही खाली आलो आणि रिक्षा केली.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पाच वर्षं आम्ही झोपलो होतो का, असा प्रश्न पडेल. झोपलो नव्हतो. आमच्याकडे उत्तर तयार होतं, एवढंच.

मी कऱ्हाडची. लग्न होऊन बडोद्याला आले. माझ्या सासरची माणसं कितीतरी पिढ्या इथली. बोलतात मराठीच, पण त्या मराठीत भाजीचं शाक होतं, हरकत नसली की "वांधा नाही" आणि सगळं ठीक असलं की "बराबर". मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर राग येऊ लागला, आणि आता मीच माहेरी फोनवर "बराबर" म्हणते. शर्वरी बोलायला लागली तेव्हा तिचे शब्द अर्धेच कळायचे. शाळेची शाया, घोड्याचं घोया, बटाट्याचा बताता. स्वतःचं नाव तर तिला कधीच आलं नाही. एवढं रफार असलेलं नाव हौसेने ठेवताना तिच्या जिभेला कुणी विचारलं नव्हतं.

मला वाटलं, ही बडोद्याची खिचडी. खाली अंगणात गुजराती, टीव्हीवर हिंदी, घरात अशी मराठी, पोर बिचारी करणार काय! सासूबाईंना, म्हणजे आईंना, वाटायचं की हे माझ्याकडून आलं. "तुमच्या कऱ्हाडकडे नाही का बोलत, झपझप, शब्द गिळून. तसं झालंय. मोठी झाली की बराबर होऊन जाईल." आणि शाळेतल्या टीचर म्हणायच्या, "घरमां मराठी बोलो छो ने, एटले. धीमे धीमे आवडी जशे." घरी मराठी बोलता म्हणून असं होतं, येईल हळूहळू. तिघींचं तीन दिशांना बोट, आणि तिच्या तोंडात डोकावून बघायचं कुणाच्याच डोक्यात नाही. माझा नवरा नितीन तर या वादात पडायचाच नाही. तो म्हणायचा, मला तिचं सगळं कळतं. त्याला खरंच कळायचं.

पण शाळेत नितीन नव्हता. सिनियर केजीत असताना एकदा तिला वर्गात मळमळायला लागलं. ती टीचरजवळ गेली, उलटी येतेय असं दोनदा सांगून आली. टीचरना वाटलं, मराठीत काहीतरी सांगतेय. त्या "हा बेटा, हा" म्हणाल्या आणि तिला जागेवर बसवलं. मग तिला बाकावरच उलटी झाली. फ्रॉकवर, वहीवर, शेजारच्या मुलीच्या डब्यावर. मुलं हसली. मी तिला आणायला गेले तेव्हा ती शाळेच्या आयांनी दिलेल्या भल्यामोठ्या टी-शर्टात बसली होती आणि माझ्याकडेसुद्धा बघत नव्हती. त्यानंतर ती शाळेत बोलेनाशी झाली. अजिबात. घरी बोलायची, तेही कमी. हवं असेल तिकडे बोट दाखवायची. आम्ही "बोल ना, र म्हण, नीट म्हण" असा तगादा लावला की कॉटखाली जाऊन बसायची.

त्यामुळे दाताच्या डॉक्टरांनी टंग टाय म्हटलं, तेव्हा मला जी भीती होती ती जिभेची नव्हती. ही मुलगी बोलायचंच सोडून देईल, याची होती. सोडायला तिने सुरुवात केलेली होती.

मग सुरू झाल्या डॉक्टरांच्या फेऱ्या. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी, ज्यांनी तिला जन्मल्यापासून पाहिलंय, तोंडात बॅटरी मारली आणि हात झटकला. "दूध नीट प्यायली ना लहानपणी? वजन वाढलं ना? मग कशाला कापायचं? वाढतं मूल आहे, पडदा ताणला जातो. मुलं उशिरा बोलतात." मी विचारलं, शाळेत बोलत नाही त्याचं काय? ते म्हणाले, लाजते.

म्हणजे एका डॉक्टरने दोन ठिकाणी कापायला सांगितलं, दुसऱ्याने कुठेच नाही. मी घरी येऊन मोबाइलवर शोधत बसले. तिथे तर बाजारच भरला होता. कुणी म्हणत होतं जन्मतःच कापा, कुणी म्हणत होतं हे सगळं नवीन फॅड आहे, कुणाच्या बाळाची झोप सुधारली, कुणाचा पडदा पुन्हा चिकटला. प्रत्येकाला आपलं पटलेलं होतं. मला मात्र काही म्हणजे काही कळेना. एक वाचलं की वाटायचं, उद्याच जाऊन करून टाकू. दुसरं वाचलं की वाटायचं, धडधाकट लेकराला भूल द्यायची, आणि तीही दोन अक्षरांसाठी? नितीनला विचारलं की तो म्हणायचा, तू म्हणशील तसं. मला त्याचाच जास्त राग यायचा.

आईंचं वेगळंच. त्यांनी आरशापुढे उभं राहून स्वतःची जीभ उचलून पाहिली, मग नितीनला उचलायला लावली, मग करजणहून आलेल्या माझ्या नणंदेला. सगळ्यांच्या जिभा वर गेल्या. "आपल्याकडचं नाही हे," त्या म्हणाल्या. मी त्याच दिवशी माझ्या आईला कऱ्हाडला फोन करून जीभ उचलायला सांगितली. तिचीही गेली. हसू नका. त्या दिवसांत आम्हाला हाच पुरावा वाटत होता.

शेवटी दाताच्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं म्हणून सयाजीगंजमध्ये एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी तज्ज्ञ व्यक्ती. तिचं वय माझ्यापेक्षा कमी असेल. तिने जीभ लगेच पाहिली नाही. चित्रांचे पत्ते मांडून शर्वरीबरोबर खेळ सुरू केला. शर्वरी आधी नुसती बोटं दाखवत राहिली, पण ती बाई तिला घाई करेना. दुसऱ्या खेपेला शर्वरी तिच्याशी बोलली.

तिने एकच पत्ता दोनदा विचारला. एकदा मला मराठीत विचारायला लावलं, एकदा स्वतः गुजरातीत विचारलं. घोडा, घोडो. केळं, केळुं. रिक्षा तर दोन्हीकडे रिक्षाच. शर्वरी दोन्ही भाषांत तीच अक्षरं चुकत होती. र, ल, ळ, ट, ड. बाकी सगळी नीट.

"जुओ," ती मला म्हणाली, आणि मग माझ्यासाठी हिंदीत, "अगर भाषा का प्रॉब्लेम होता, तो दोनों भाषा में अलग-अलग गलती होती. इसकी गलती एक ही जगह है, जहाँ जीभ की नोक को ऊपर जाना पड़ता है."

 मला शाळेतली ती उलटी आठवली. मराठीत उलटी, गुजरातीतही उलटीच. टीचरना मराठी येत नव्हती म्हणून कळलं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं. त्या शब्दात मराठी काय होतं? मला तिथेच रडू आलं. थेरपिस्टने टिशूचा डबा पुढे केला, तसा शर्वरीने त्यातून एक कागद ओढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

तिनेही कापाच असं सरळ सांगितलं नाही, हे लिहून ठेवते. ती म्हणाली, बऱ्याच मुलांना टंग टाय असूनही छान बोलता येतं, नुसत्या व्यायामाने भागतं. आधी काही आठवडे व्यायाम करून बघू. ते केले. शर्वरी जीव तोडून जीभ उचलायची, आणि टोक खालच्या दातांच्या वर येता येता मागे ओढलं जायचं. पडदा पांढरा पडून ताणलेला दिसायचा. तेव्हा थेरपिस्ट म्हणाली, आता सर्जनला दाखवा.

ओरल सर्जन, म्हणजे तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, हे बडोद्याचेच मराठी निघाले. त्यांनी बघितलं, तिला जीभ वर, डावीकडे, उजवीकडे करायला लावली आणि म्हणाले, "जिभेचं करू या. ओठाला हात लावायचा नाही. दुधाच्या दातांत फट असायचीच. पक्के दात येऊ द्या, मग जोऊया." म्हणजे बघूया.

"पण त्या डॉक्टर म्हणाल्या, एकाच वेळी दोन्ही..."

"म्हणू द्या ना. एकाच वेळी होतं म्हणून करायचं नसतं, ताई. लागतं म्हणून करायचं."

म्हणजे दोन, शून्य आणि आता एक. मी नितीनकडे पाहिलं. आणि माझा हा शांत नवरा पहिल्यांदा या प्रकरणात आपणहून बोलला, "मग एक करू." मला वाटलं होतं, निर्णय झाला की डोकं शांत होईल. तसं झालं नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी मनात तीनदा रद्द केलं होतं.

ऑपरेशनला फ्रेनेक्टॉमी म्हणतात. नाव मोठं, काम लहान. तो पडदा कापून जीभ मोकळी करायची. मोठ्या माणसाला जागा बधिर करून खुर्चीतच करतात. शर्वरीएवढं मूल हलल्याशिवाय राहत नाही, म्हणून तिला थोड्या वेळाची पूर्ण भूल, म्हणजे जनरल अ‍ॅनेस्थेशिया, द्यायचं ठरलं. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी तपासलं, सर्दी नाही ना याची खात्री केली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. सकाळपासून पोटात काही नको, पाणी किती वाजेपर्यंत चालेल तेही सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर हे नीट विचारून घ्या आणि आजीलाही सांगून ठेवा. आमच्याकडे आईंनी "अर्धं बिस्किट" हातात ठेवलंच होतं, मी पाहिलं म्हणून वाचलो.

तिला आत नेताना ती रडली नाही. मागे वळून तिने नितीनला हात केला. दार बंद झालं आणि मी नितीनला म्हणाले, आपण हे चुकीचं तर करत नाही ना? तो म्हणाला, माहीत नाही. त्या वेळी मला ते उत्तर फार बरं वाटलं, कारण मलाही माहीत नव्हतं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेला स्टीलचा डबा. त्यात मठो होता, गुजराती श्रीखंड म्हणा, कारण थंड आणि मऊ चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नितीनने चहा सांगितला. तो यायच्या आत सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, झालं.

झालं? एवढ्यात? इतके महिने ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं ते इतक्यात कसं झालं, हेच कळेना.

शुद्धीवर आल्यावर मात्र तिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. लाळेत रक्ताची रेघ होती. तसं थोडं येतं, हे आधी सांगितलेलं होतं. संध्याकाळपर्यंत ती मठो खात होती. दोन दिवसांनी जिभेखाली पांढरट पिवळा चट्टा दिसला. मला वाटलं पू झाला. फोटो काढून सर्जनना पाठवला. ती जखम भरताना येणारी साय आहे, खरवडू नका, हळद-मध काही लावू नका, असं उत्तर आलं. हे दुसऱ्या कुणाला आधीच कळावं म्हणून लिहिते आहे. आम्ही फार घाबरलो होतो.

जखम भरताना पडदा पुन्हा चिकटू नये म्हणून व्यायाम असतात. स्वच्छ हाताने जीभ हलकेच वर उचलायची. माझं बोट ती कचकचून चावली. मग थेरपिस्टने सांगितलेली युक्ती केली. वरच्या ओठावर मठो लावायचा आणि तिने जिभेने चाटायचा. आजवर वरच्या ओठावरचं काही तिने जिभेने पुसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, बोटाने पुसायची. आता जीभ वर आली, डगमगत, आणि मठो गायब. आई टाळ्या वाजवायला लागल्या.

पण बोलणं? बोलणं तेच. तीच शाया, तेच घोया. उलट दुखतं म्हणून पहिले कितीतरी दिवस ती बोललीच नाही. मला खरंच वाटलं, आपण जीभ सोडवली आणि तिचं उरलंसुरलं बोलणंही घालवलं. आईंना वाटू लागलं, ओठाचं राहिलं म्हणून गुण येत नाही. ते बालरोगतज्ज्ञ बरोबर होते का? का पहिल्या दाताच्या डॉक्टर बरोबर होत्या? मी पुन्हा मोबाइल घेऊन बसले. नितीनने तो माझ्या हातातून काढून घेतला.

थेरपिस्ट शांत होती. "जीभ अब ऊपर जा सकती है," ती म्हणाली. "पर जाना होता है, ये उसे मालूम ही नहीं. पाँच साल से नहीं गई है." मग तिने आम्हाला एक गोष्ट बजावली, आणि ती आम्हाला ऑपरेशनपेक्षा अवघड गेली. घरात यापुढे कुणी "र म्हण, नीट म्हण" म्हणायचं नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. ती जे बोलेल त्याला उत्तर द्यायचं, बस. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस "शर्वरी, घोडा म्हण बघू" म्हणूनच चप्पल काढायचा. आईंनी दारातच एकेकाला दटावायला सुरुवात केली. पादरा गावच्या मामांना तर त्यांनी चहाच्या आधी समजावून सांगितलं. ते बिचारे घाबरून तिच्याशी काहीच बोलले नाहीत.

एकदम असं काही झालं नाही. कुठल्या दिवशी कोणतं अक्षर आलं, सांगता येणार नाही. टाळूला जीभ लावून टॉक टॉक आवाज काढायचा खेळ तिला आवडला, आणि त्या खेळातून ट आला. मग ल. एका दुपारी ती आईंवर चिडून "मला नको ते शाक!" म्हणाली आणि आई भाजी तशीच ठेवून स्वयंपाकघरातून मला हाक मारायला आल्या. मला तो ल ऐकू येईपर्यंत त्यांनी तिला परत परत चिडवलं. ड आणि ळ नंतर आले. र अजून अर्धवट आहे. थेरपिस्ट म्हणते, र सगळ्यांनाच उशिरा येतो, वेळ द्या. ओठाचं काय करायचं ते पक्के दात आल्यावर ठरेल. तेव्हा मी पुन्हा गोंधळणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

कुणी मला विचारलं, तुमच्या मुलीला फायदा झाला तो ऑपरेशनने की थेरपीने, की ती नुसती मोठी झाली म्हणून, तर मला अजूनही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. सगळ्या मुलांना कापायलाच हवं असं समजू नका, आणि कुणालाच लागत नाही असंही नको. दोन-तीन ठिकाणी दाखवा, मुलाला जीभ उचलायला लावा, आणि बोलणं तपासणाऱ्या माणसाला आधी विचारा. दाढ दाखवायला गेलेल्या पोरीला जीभ काढायला लावणाऱ्या त्या डॉक्टरांचे मी आभार मानते, त्यांचा दुसरा सल्ला मी ऐकला नाही तरी. त्या थेरपिस्टचे तर किती मानू!

गेल्या आठवड्यात शर्वरीला घेऊन खाली डेअरीत गेले होते. माझे हात भाजीच्या पिशव्यांत अडकलेले, म्हणून तीच पुढे झाली आणि म्हणाली, "अंकल, एक लिटर दूध अने मोळुं दहीं आपो." त्याने दूध दिलं, मोळं, म्हणजे आंबट नसलेलं, दही दिलं, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आजवर ती बोलली की माणसं माझ्याकडे वळायची, मी अर्थ सांगावा म्हणून. मला तिथे काही कामच उरलं नव्हतं. बाहेर पडल्यावर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "किती छान बोललीस गं! त्यांना सगळं कळलं."

तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"मी आधीपण असंच बोलायचे," ती म्हणाली. "तुम्हालाच कळायचं नाही."

मी रस्त्यातच थांबले. तिला ऑपरेशन आठवत होतं, मठो आठवत होता, टॉक टॉकसुद्धा. पण तिच्या लेखी ती पहिल्यापासून घोडा म्हणत होती आणि शाळाच म्हणत होती, आणि एवढी मोठी माणसं तिला सारखं नीट म्हण, नीट म्हण करत होती.

"हो गं," मी म्हणाले, "आम्हालाच उशीर झाला."

"खूपच उशीर झाला," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नव्हती.